जिनिंग थांबली, कान थांबेना

दिवाळी उलटली की यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये रेचे सुरू होतात आणि कापूस येत राहतो तोवर त्यांना उसंत नसते. चामडं चढवलेले दोन रूळ फिरत असतात, त्यांना पोलादी पाती दाबून बसवलेली असतात, दुसरी पाती सतत वरखाली आपटत सरकीला रुईपासून वेगळं करत असतात. असे रेचे शेडमध्ये रांगेनं उभे. सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि आवाज चारी बाजूंना. शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. पाळी संपते, मजूर घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो, आडवा होतो. दिवे मालवले जातात. आणि मग त्याच्या कानात वाजायला लागतं. कुणाच्या बारीक शिट्टी, कुणाच्या रातकिड्यांची किरकिर, कुणाच्या नुसतंच घूं...

आता जरा विचार करा. खोलीत एकही यंत्र नाही. शेजारी झोपलेल्या बायकोला काहीच ऐकू येत नाही. हवा हलत नाही, कानाचा पडदा हलत नाही. मग हा आवाज आहे तरी कुठला?

हा अनुभव एकट्या जिनिंगवाल्यांचा नाही. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार प्रौढांपैकी सुमारे 14 टक्के लोकांचे कान वाजतात, म्हणजे 74 कोटींहून जास्त माणसांचे! त्यातल्या 12 कोटींना तो त्रास असह्य होतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेत कानाचे 28 रोग मोजले आहेत आणि त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड अशी दोन वेगळी दुखणी आहेत. एकात रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे आवाज ऐकू येतात, दुसऱ्यात बासरीसारखा बारीक सूर. रोग्याच्या उशाशी बसून, त्याला काय ऐकू येतं ते नीट विचारून घेतल्याशिवाय इतका बारकावा येत नाही. सुश्रुतांनी कारण दिलं ते वाताचं. आजचं उत्तर वेगळं आहे, आणि ते सापडायची गोष्ट एखाद्या रहस्यकथेला मागे टाकेल अशी आहे, कारण संशयित सारखा बदलत गेला.

पहिला संशयित अर्थातच कान. पण कान म्हणजे आहे काय, ते आधी पाहू. अगदी पुसट आवाज आपल्याला जेमतेम ऐकू येतो, तेव्हा कानाचा पडदा किती हलतो माहीत आहे? हायड्रोजनच्या एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी! ही हालचाल तीन इवल्या हाडांमधून आतल्या शंखाकृती नळीत जाते. नळी उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. तिच्यात केसपेशी बसलेल्या असतात, डोक्यावर बारीक लव असलेल्या. एका कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे बारा हजार. बस्स. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात आहेत. कानाला मात्र आयुष्यभराची कोकिळेची कूक, आईची हाक, सनईचे सूर हे सगळं एवढ्याशा भांडवलावर निभवायचं असतं. आणि गेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. माणसात नाही, कुठल्याच सस्तन प्राण्यात नाही. पण कोंबडीत उगवते! पक्ष्यांच्या कानात नव्या केसपेशी येतात हे 1988 मध्ये सिद्ध झालं. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीला जे जमतं ते आपल्याला का जमत नाही, यावर जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा आज झटताहेत.

बाहेरच्या बारा हजार पेशींचं काम तर आणखी अजब. त्या नुसत्या ऐकत नाहीत, नाचतात. लंडनच्या जोनाथन अॅशमोर यांनी अशी एकच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि तिला रॉक अँड रोल गाण्याचे विद्युतसंकेत दिले. ती पेशी गाण्याच्या ठेक्यावर लांब-आखूड होऊ लागली! त्याचं चित्रीकरण आजही विद्यार्थ्यांना दाखवतात. हलका आवाज आला की या पेशी स्वतः हलून त्याला बळ देतात आणि मगच आतल्या रांगेच्या हवाली करतात. कान आवाजाची वाट पाहत स्वस्थ बसत नाही, त्याला पुढे होऊन उचलून घेतो.

हे ओळखणारा पहिला माणूस होता टॉमस गोल्ड. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल आणि हर्मन बाँडी यांच्यासोबत ज्याने 1948 मध्ये स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला, तोच हा गोल्ड. महायुद्धात रडारवर काम करून आला होता, त्यामुळे मंद संकेत कसे वाढवतात ते त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्याच 1948 मध्ये त्याने कानाबद्दल लिहिलं, की कानाच्या आत आवाज वाढवणारी यंत्रणा असलीच पाहिजे. आणि ती असेल तर कधीमधी ती स्वतःच वाजू लागेल, मग कान वाजणाऱ्या माणसाच्या कानाशी मायक्रोफोन धरला की तो आवाज बाहेरूनही ऐकू यायला हवा. त्या काळच्या मायक्रोफोनला काही सापडलं नाही. कानाच्या जाणकारांनी त्याचं म्हणणं बाजूला सारलं आणि गोल्ड विश्वाकडे वळला.

तब्बल तीस वर्षांनी, 1978 मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात एक बारीक टिक् सोडली आणि काही सहस्रांश सेकंदांत कानाने उलट आवाज परत दिला. गोल्ड बरोबर होता. कान आवाज काढतो! आज नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून त्याला ऐकू येतं की नाही ते तपासतात, ते याच शोधाच्या जोरावर. बाळ गाढ झोपलेलं असतं आणि त्याचा कान यंत्राला उत्तर देत असतो.

मग सुटलं कोडं? कान वाजणं म्हणजे हाच आवाज? इथेच गोष्टीला पहिली कलाटणी आहे. ज्यांच्या कानातून असा सूर सतत बाहेर पडतो, त्यातल्या बहुतेकांना तो ऐकूच येत नाही. आणि ज्यांना रात्ररात्र शिट्टी ऐकू येते, त्यांच्या कानाशी मायक्रोफोन धरला तर सहसा काही मिळत नाही. संशयित नंबर एक जवळजवळ निर्दोष सुटला.

पुढची कलाटणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर आली. श्रवणतंतूजवळ गाठ झालेल्या रोग्यांची शस्त्रक्रिया करताना कधी कधी तो तंतूच कापावा लागतो. कान आणि मेंदू यांच्यातला दुवाच तुटला, म्हणजे आवाजही बंद व्हायला हवा, नाही का? अमेरिकेतल्या हाउस आणि ब्रॅकमन या डॉक्टरांनी 1981 मध्ये अशा रोग्यांचा हिशोब मांडला. सुमारे 40 टक्क्यांचा त्रास कमी झाला होता. आणि जवळपास निम्म्यांचा वाढला होता! कान तोडून वेगळा काढला तरी आवाज चालूच, उलट जास्त मोठा. म्हणजे वाजतंय ते कानात नाही. वाजतंय ते मेंदूत.

पण मेंदू न आलेला आवाज का ऐकेल? याचा पहिला धागा 1953 मध्येच हाती आला होता. हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणारी, कान वाजण्याची तक्रार नसलेली 80 माणसं एकेक करून आवाजबंद खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. बाहेरून एक टाचणी पडल्याचाही आवाज येणार नाही अशी खोली. त्यातल्या 94 टक्के लोकांनी काही ना काही ऐकलं: गुणगुण, शिट्टी, किरकिर. रोगी जे सांगतात तेच शब्द, निरोगी माणसांच्या तोंडून! खरं म्हणजे श्रवणतंतू शांततेतही गप्प नसतात. कुठलाही आवाज नसताना त्यातले काही सेकंदाला पन्नास, साठ, कधी त्याहूनही जास्त वेळा संकेत पाठवत राहतात. मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला असतो, आणि आपण त्याला शांतता म्हणतो.

आता यात मोठ्या आवाजाने नुकसान झालेला कान आणा. गावच्या भजनाला बसलेल्या लाउडस्पीकरच्या मशीनवाल्याला तुम्ही पाहिलं असेल. बुवांचा घसा बसला, आवाज माईकपर्यंत पोचेना, की तो मशीनचं बटण पिळत नेतो. बुवा पाणी प्यायला थांबले की भोंग्यातून काय येतं? मोठ्ठी घूं. ती घूं बुवांची नसते, माईकमध्येही नसते. मशीन जरुरीपेक्षा जास्त वाढवल्यामुळे तिचीच आतली खरखर बाहेर येते. कान वाजण्याबद्दल आज सर्वांत जास्त मानलं जाणारं म्हणणं नेमकं हे आहे. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदूतली श्रवणकेंद्रं आपली संवेदनशीलता वाढवतात, आणि एरवी दुर्लक्षित राहणारी चेतापेशींची आपसातली कुजबुज शिट्टी होऊन ऐकू येते. याला एक भक्कम पुरावा आहे. शिट्टीची पट्टी बहुधा त्याच पट्ट्यात असते, जिथलं ऐकणं गेलेलं आहे. कारखान्याच्या गोंगाटाने आधी बारीक, उंच सूर जातात, 4000 हर्ट्‌झच्या आसपासचे. आणि कारखान्यातल्या माणसाच्या कानात वाजते तीही उंच, बारीक शिट्टी. म्हणजे हरवलेल्या आवाजाच्या जागीच मेंदूने आवाज उभा केला. हात कापलेल्या माणसाच्या नसलेल्या बोटांना कळ लागते, त्याच कुळातला हा प्रकार आहे.

म्हणणं छान आहे, पण तपासायचं कसं? प्रयोग प्राण्यांवर करायचे, आणि उंदराला विचारणार कसं, की बाबा रे, तुझा कान वाजतोय का? मला या साऱ्या संशोधनातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो तो इथला. पोलंडमध्ये जन्मलेल्या पावेल यास्त्रेबॉफ यांनी तो 1988 मध्ये प्रसिद्ध केला. उंदरांच्या पिंजऱ्यात सतत एक मंद आवाज चालू ठेवला होता आणि तहानलेले उंदीर नळीतून पाणी चाटत होते. मधूनच तो आवाज बंद व्हायचा आणि शांततेच्या शेवटी पायाला हलका विजेचा झटका बसायचा. उंदीर शिकले: शांतता झाली की पाणी प्यायचं नाही, थांबायचं. मग काही उंदरांना सॅलिसिलेट दिलं. हे अॅस्पिरिनच्या घराण्यातलं औषध. जास्त मात्रेत ते माणसाचे कान वाजवतं हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. (क्विनाइनही वाजवतं. मलेरियाच्या काळात ते भरपूर घेतलेल्या जुन्या माणसांना विचारा.) पिंजऱ्यातला आवाज बंद केला. साधे उंदीर थांबले. औषध दिलेले पाणी पीतच राहिले! का? कारण त्यांच्यासाठी शांतता झालीच नव्हती. एका मुक्या जिवाने, पाणी पिता पिता, सांगून टाकलं की माझ्या कानात वाजतंय.

तिथून दारं उघडली. उंदीर, गिनीपिग, मांजरं यांच्या मेंदूत थेट डोकावता येऊ लागलं, आणि श्रवणमार्गाच्या अगदी पहिल्या थांब्यावरच्या चेतापेशी गोंगाटानंतर भलत्याच चेकाळलेल्या दिसल्या. गंमत अशी, की याच थांब्यावर जबडा, मान, चेहरा इथून येणाऱ्या संवेदनाही पोचतात. मिशिगन विद्यापीठाच्या सुझन शोर यांनी या जोडणीवर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणूनच कितीतरी लोकांनी दात घट्ट आवळले किंवा मान वळवली की कानातल्या शिट्टीची पट्टी बदलते. एरवी कोण मानेल? जबडा हलवायचा आणि आवाज बदलायचा!

एक हट्टी प्रश्न मात्र उरला होता. काही लोकांची ऐकण्याची चाचणी अगदी व्यवस्थित येते आणि तरी कान वाजतो. नुकसानच नाही तर मेंदू भरपाई कसली करतोय? उत्तर 2009 मध्ये बॉस्टनहून आलं. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना फक्त दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. कान बधिरले, पण काही दिवसांत चाचणी पूर्ववत झाली. केसपेशी सगळ्या शाबूत. पूर्वी शास्त्रज्ञ इथेच थांबले असते. या दोघांनी केसपेशी आणि तंतू यांच्यातले सांधे मोजले, आणि कानाच्या काही भागात त्यातले निम्म्याच्या आसपास कायमचे तुटलेले निघाले! नेहमीच्या चाचणीला हे दिसत नाही, कारण शांत खोलीतला एखादा सूर ऐकायला उरलेले सांधे पुरेसे असतात. गर्दीत, लग्नाच्या मांडवात, बाजारात बोलणं समजेनासं होतं ते अशांना. दोन वर्षांनी लंडनच्या शाएटे आणि मॅकअल्पाइन यांनी चाचणी चांगली आलेल्या, पण कान वाजणाऱ्या माणसांत पाहिलं, की कानातून निघणारा संकेत अशक्त आहे, पण वर मेंदूत पोचेपर्यंत तो पुन्हा नेहमीच्या ताकदीचा झालेला आहे. वाटेत वाढवला गेला होता तर! वरातीच्या डीजेपुढे नाचून आल्यावर कानात दडे बसतात आणि सकाळी मोकळे होतात, तेव्हा आपण सुटलो असं समजू नका. ऐकणं परत येतं, सांधे परत येतीलच असं नाही.

हिशोब आता आपल्या कपाशीच्या मुलखात आणू. जळगावच्या जिनिंगमध्ये संशोधकांनी केलेली पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्रांजवळचा आवाज 90 डेसिबलपासून 100 च्याही वर गेलेला होता आणि तपासलेल्या जवळजवळ सगळ्याच मजुरांचं ऐकणं कमी-अधिक घटलेलं होतं. 90 आणि 100 यांत फार अंतर वाटत नाही, पण डेसिबलचा हिशोब फसवा असतो. दर 10 डेसिबलला आवाजातली ऊर्जा दहापट होते. 85 डेसिबलमध्ये आठ तास काढणं जितकं, तितकंच 100 डेसिबलमध्ये फक्त 15 मिनिटं, असा अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेचा ठोकताळा आहे. आपल्याकडे कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल. जिनिंगची पाळी 15 मिनिटांची नसते. त्यात पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यातल्या बऱ्याच मजुरांना वर्षातले काहीच महिने हे काम मिळतं, त्यामुळे मधल्या काळात कान बरा झाला असंच वाटतं. सांधे मात्र मोजून ठेवतात.

आणि कानात कापसाचा बोळा घालून काम करणाऱ्यांना मनापासून सांगतो, त्याने आवाज फारसा अडत नाही. हवा कापसातून जाते, तसा आवाजही जातो. फोमचे इअरप्लग नीट पिळून, आत खोल बसवले, किंवा कान पूर्ण झाकणारे इअरमफ घातले, तर वीस डेसिबलच्या आसपास आवाज कमी होऊ शकतो, आणि वीस डेसिबल म्हणजे ऊर्जा शंभर पटीने कमी. मालकांनी हे दिलंच पाहिजे. ही मेहरबानी नाही, कष्टकऱ्याचा हक्क आहे.

एकदा वाजू लागलेला कान थांबतो का? थांबवणारी गोळी अजून नाही. पण मला आशा वाटते ती एका जुन्या प्रयोगामुळे. नोरेन्या आणि एगरमाँट यांनी मांजरांना कानठळ्या बसवणारा आवाज ऐकवला आणि मग काहींना शांत जागी ठेवलं, काहींना अशा जागी, जिथे हरवलेल्या पट्टीचे मंद सूर सतत वाजत होते. शांततेतल्या मांजरांच्या मेंदूचा नकाशा बदलला, चेतापेशी चेकाळल्या. सुरांत राहिलेल्यांच्या मेंदूत ते घडलं नाही! मेंदूला हवं ते मिळालं, त्याने बटण पिळलं नाही. म्हणूनच ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांना श्रवणयंत्राने बरेचदा दोन फायदे होतात: बोलणं ऐकू येतं आणि शिट्टी मागे पडते. 2023 मध्ये अमेरिकेत एका आयरिश उपकरणाला मान्यता मिळाली, ते कानाला आवाज आणि जिभेला हलके विद्युतसंकेत एकाच वेळी देतं. मोजून पाहिलं तर ही शिट्टी सहसा ऐकू येण्याच्या किमान पातळीच्या थोडीच वर असते. झोप उडवते ती मेंदूने तिला दिलेली धोक्याची खूण. म्हणून मनाशी बोलून तिची भीती उतरवण्याच्या उपचाराला आज सर्वांत चांगला आधार आहे.

रात्री अगदी सामसूम खोलीत झोपण्याऐवजी पंखा चालू ठेवा, रेडिओ बारीक लावा. पण शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला, नागपूरला, जिथे जाणं जमेल तिथे. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी स्टेरॉइडचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांतच.